तानीच्या नावचं गाऱ्हाणं

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी वैनीचं तोंड चालू व्हायचं. चूल पेटवताना ती आधी ओल्या लाकडांशी भांडायची, मग धुराशी, आणि ती दोघं उलटून बोलत नाहीत म्हटल्यावर माझ्याशी. मी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात आपटले होते आणि घरी बसले होते, त्यामुळे माझ्याविरुद्ध तिच्याकडे कायमचा दारूगोळा होता. "कलेक्टर व्हणार व्हतीस न्हवं, सुलू? मग ऊठ, आदी गोठा बघ," असं म्हणून ती खदखदून हसायची आणि त्या हसण्यानं बाबा जागे व्हायचे. बाबा जंगलखात्याच्या सागवान लागवडीवर कामाला जायचे. संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून बसले की आई त्यांच्या पोटऱ्यांना चिकटलेल्या गोचिड्या तेल लावून एकेक सोडवायची, आणि आत निखाऱ्यावर सुका बांगडा भाजत ठेवलेला असायचा. त्या वासानं पोटात कावळे ओरडायचे. सकाळी उकड्या तांदळाची पेज नि मिठातली आंब्याची फोड, संध्याकाळी भाकरी, बांगडा आणि कोकमाची कढी. आता मुलाच्या घरी टेबलावर इतक्या वाट्या मांडतात की कुठून सुरुवात करावी ते मला कळत नाही. सून विचारते, आई, काय हवं? मी म्हणते, काही नको गं. पेज हवी असते, पण ती सांगायची लाज वाटते.

बाजारकुणंगच्या पलीकडे, कानडी मुलखात आमचं गाव. गाव म्हणजे खाली आम्हा मराठ्यांची दहा-बारा घरं आणि वर जंगलात कुणब्यांचा वाडा, म्हणजे त्यांची वस्ती. मी घरी बसून वैनीचे टोमणे खात होते, तेव्हाच गावात नवी अंगणवाडी सुरू झाली. शिकवायला रामनगरच्या मालतीबाई आल्या. उंच, कडक, पदर खांद्यावर पिन लावून घेणाऱ्या. त्यांना हाताखाली कोणीतरी हवं होतं. पाणी भरायचं, उप्पीट शिजवायचं, आणि मुख्य म्हणजे वरच्या वाड्यावर जाऊन पोरं घेऊन यायची. मला तात्पुरतं ठेवलं. "काम नीट केलंस तर कायम करून घेऊ," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते 'कायम' माझ्या डोक्यात असं काही बसलं की झोपेतही मी उप्पीट ढवळायचे. वैनीच्या तोंडातून सुटायचा मला दिसणारा तो एकच रस्ता होता.

वरच्या वाड्यावरून सहा पोरं यायची. त्यातली तानी पाच वर्षांची, सोमाची मुलगी. काळीसावळी, नाक सतत वाहणारं, आणि प्रश्न विचारून डोकं खाणारी. इतर पोरं मालतीबाईंनी पाटीवर अक्षर काढून दिलं की ते गिरवायची. तानी आधी विचारायची, ह्याचं नाव काय, ह्याला शेपटी का हाय. पण आठ दिवसांत ती न विचारता लिहायला लागली. मालतीबाई, ज्या कोणाचं कौतुक करून आपली जीभ विटाळत नसत, त्याही एकदा म्हणाल्या, "ही पोर शिकेल हो." मी ते सोमाला जाऊन सांगितलं. तो बांबू सोलत होता. त्यानं मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी तानीच्या केसांना खोबरेल तेल चोपडलेलं होतं.

वाड्यावरून खाली येताना वाटेत कोंड लागायची. ओढा तिथे खोल होऊन थांबल्यासारखा होतो, वर मोठमोठी झाडं, आणि काठावर देवाचा दगड. त्या कोंडीतले मासे कोणी धरत नाही. मासे आम्ही सगळेच खायचो, ओढ्याला बांध घालून पकडायचोही, पण आमच्याकडे रीत अशी की जो मासा आपणहून माणसाजवळ येऊन तोंड उघडतो, तो मागायला आलेला असतो. मागायला आलेला मासा देवाचा. त्याला घास घातल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. म्हणून कोंडीवरून जाणारा प्रत्येक जण कनवटीला चिमूटभर तांदूळ ठेवायचा. आमची पोरं अंगणवाडीत येताना पाटी विसरायची, पण तांदूळ विसरायची नाहीत. तानी तर काठावर पालथी पडून माशांशी बोलायची. कोण जेवलं, कोण राहिलं, कोण आगाऊ आहे, याचा तिच्याकडे हिशेब असायचा. मी ओढून न्यायचे तेव्हा कुठे उठायची.

मालतीबाईंच्या भावाचा टेम्पो होता. तो दर पंधरवड्याला अणशीचा घाट उतरून समुद्रकाठी जायचा आणि मीठ, सुकी मासळी घेऊन वर यायचा. जाताना रिकामाच जातो, तर पोरांना घेऊन जाऊ, तिथे माशांचं घर आहे ते दाखवू, समुद्र दाखवू, असं बाईंच्या मनात आलं. माशांचं घर म्हणजे मत्स्यालय. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांचा यात काही दोष नाही, आणि उगाच कोणी तिकडे बोट दाखवायला नको. आमच्या गावातून तोवर कोणी पोरांना घेऊन असं कुठे गेलं नव्हतं. आईनं मोठं पातेलंभर चुरमुऱ्यांचं भडंग केलं. लसूण, हळद, तिखट, आणि तेल तर हाताला लागेल इतकं. "घाटात वळणावळणानं पोरं वकतात, तोंडाला तिखट आसलं की मळमळत न्हाई," हे तिचं शास्त्र. वैनीनं ते धडप्यात बांधून माझ्या खांद्याला अडकवलं आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाली, "संबाळून ने गं पोरांस्नी."

आईचं शास्त्र पहिल्याच वळणावर कोलमडलं. टेम्पोला आतून सुक्या मासळीचा वास मुरलेला होता, चौदापैकी नऊ पोरांनी ओकून घेतलं, आणि आम्ही खाली पोचलो तेव्हा माझ्या साडीचा रंग ओळखू येत नव्हता. पण त्या दारातून आत शिरलो आणि सगळं विसरायला झालं. बाहेर रणरणतं ऊन, आत अंधार आणि गारवा. भिंतीत काचेच्या पेट्या बसवलेल्या, त्यांच्या मागून हिरवट उजेड, आणि कुठूनतरी पंपाची बुडबुड चाललेली. एकेका पोरानं चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. देवळात आल्यासारखी ती हात जोडून उभी राहिली आणि चौदा हिरवी तोंडं काचेकडे बघू लागली. एका पोरानं मला हळूच विचारलं, "सुलक्का, ह्यांची नदी कुणी न्हेली?"

मागच्या वर्षी बेळगावला एका मैदानात काचेचा बोगदा उभारला होता, डोक्यावरून मासे पोहतात तसला. नाती हट्टानं मला घेऊन गेल्या. दोघी मोबाईल वर धरून नाचत होत्या. चार पावलं आत गेले आणि मला घाम फुटला, श्वास घेता येईना. मुलाला वाटलं बीपी वाढलं. त्यानं मला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, लिंबूसरबत पाजलं, डॉक्टरला फोन केला. बीपीची गोळी तेव्हापासून वाढली.

दालनाच्या मधोमध एक गोल टाकी होती, वरून उघडी, पोरांच्या हनुवटीला येईल एवढी. त्यात बोटभर लांबीचे केशरी-पांढरे मासे. तिच्यावर पाटी होती: माशांना काही घालू नये. कानडीत होती. मला कानडी वाचता येतं, मी ती वाचली होती, हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. मालतीबाई एका ओकणाऱ्या पोराला धुवायला बाहेर गेल्या होत्या. राखणदार चहाला गेला होता. बाकीची पोरं कोपऱ्यातल्या कासवाच्या पेटीला चिकटली होती. तानी एकटी गोल टाकीपाशी टाचा उंचावून उभी होती. तिला बघून सगळे मासे काठाशी गोळा झाले आणि वर तोंडं काढून उघडझाप करायला लागले.

"सुलक्का," तिनं माझा पदर ओढला. "मागाय लागल्यात."

"ह्यांना देत्यात हितली माणसं. चल, कासव बघू."

"न्हाई दिल्यालं. बघ की, कशी तोंडं वासल्यात. घास न घालता कसं जायाचं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येताना तिच्याकडे तांदूळ होते, पण ते ओकण्यात सांडले होते.

खरं सांगायचं तर तिची समजूत काढण्यासाठी मी ते केलं नाही. लहानपणापासून एकाही मागणाऱ्या माशाकडे मी पाठ फिरवली नव्हती, आणि इथे डझनभर तोंडं माझ्याकडे बघत होती. मी खांद्यावरचं धडपं सोडलं, मूठभर भडंग तिच्या ओंजळीत घातलं आणि म्हटलं, "टाक पटकन. आणि कुनाला सांगू नको हं. बाईंना तर मुळीच न्हाई." तिनं मान डोलावली. किती आनंदानं टाकलं तिनं. मासे तुटून पडले. ती एकेकाला नाव देऊन सांगत होती, तुला झालं, तू सर, त्या बारक्याला येऊ दे. मग पाण्यावर पिवळा तवंग पसरला. मासे घेतलेलं थुंकायला लागले. एक वेडावाकडा फिरू लागला, मग दुसरा. दोन मासे आडवे झाले. तानी घाबरली आणि दोन्ही हात पाण्यात घालून ते चुरमुरे गोळा करू लागली. राखणदारानं येऊन तिचं मनगट धरलं तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत हळद आणि तेल लागलेलं होतं.

"यारु कोट्रु? कोणी दिलं तुला?" तो दोन्ही भाषांत ओरडत होता. मालतीबाई धावत आल्या. पोरं भोवती जमून रडायला लागली. तानीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग खाली जमिनीकडे. बाई माझ्याकडे वळल्या. "भडंगाचं गाठोडं तुझ्याकडं होतं ना गं?"

मला एक क्षण मिळाला होता. पुरेसा मोठा क्षण होता, घाईत चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्या क्षणात मला ते 'कायम' दिसलं, वैनीचं तोंड दिसलं. आणि हेही मनात आलं की ही वाड्यावरची पोर, हिला दोन धपाटे बसतील आणि विसरून जाईल. मी म्हणाले, "मी पोरांकडं बघत होते बाई. तिनं मागनं हात घालून काढलं असंल."

बाईंनी तानीला एक ठेवून दिली. राखणदारानं आम्हाला बाहेर काढलं. समुद्र बघायचा राहिला तो राहिलाच. चढाच्या घाटात तानीला पुन्हा मळमळलं आणि मी तिचं कपाळ धरलं. नंतर ती माझ्याच मांडीवर झोपली, माझ्या साडीचं टोक मुठीत घट्ट धरून. तिच्या गालावर बाईंच्या बोटांचे वळ उठले होते. घाट संपेपर्यंत मी ते बघत होते.

भडंगानं मासे इतक्या लवकर मरतात का, हे मी पुढे एका जाणकाराला विचारलं. ते आधीच आजारी असतील, असं तो म्हणाला. ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळस आली. गावात मात्र बातमी आमच्या आधी पोचल्यासारखी पसरली. मागायला आलेले मासे मारले. कोंड असो की काचेची पेटी, मागणारा मासा देवाचाच. आता कोंड कोपणार, कोणाचंतरी पोर ओढणार, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. पुढच्या सोमवारी कोंडीवर गाऱ्हाणं घालायचं ठरलं. सोमानं नारळ आणला, कोंबडा आणला. तानीला न्हाऊ घालून नवं परकर-पोलकं नेसवलं होतं. सगळं गाव काठावर उभं राहिलं आणि गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी, अज्जांनी, देवाच्या दगडासमोर हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा कोंडीच्या धन्या, ही सोमाची तानी, अजाण ल्येकरू, हिनं चोरून घास काडला नि तुजं मासं मारलं. हिची चूक पोटात घाल रं म्हाराजा."

सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. गर्दीत मी तोंड नुसतं हलवलं नाही, चांगला आवाज काढला, कारण शेजारी मालतीबाई उभ्या होत्या. तानी बापाचा हात धरून उभी होती. तिला सांगितलं होतं की आजपासून कोंडीतल्या माशांना तू घास घालायचा नाहीस, तुझ्या हाताला पाप लागलंय. माशांचा एक घोळका नेहमीसारखा काठाशी आला, तिला बघून तोंडं उघडली, आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले.

सोमानं तिला अंगणवाडीत धाडणं बंद केलं. "शाळंत न्हेली नि पोरीच्या हातनं पाप घडलं. नगो आमाला ती शाळा," एवढंच तो म्हणाला. पुढे शाळेतही घातलं नाही. मी एकदा निश्चय करून त्याच्या अंगणात गेले होते. सांगायचंच, असं वाटेत चार वेळा घोकलं होतं. तानीच्या आईनं मला बसायला पाट दिला, उकडलेले कंद आणि लाल मुंग्यांची चटणी पुढे ठेवली, आणि म्हणाली, "सुलक्का, तू लई जीव लावलास गं तिला." मी दोन कंद खाल्ले, हात धुतला आणि परत आले. त्याच महिन्यात मला कायम केलं. पुढे परीक्षा देऊन मी शिक्षिका झाले, आणि तीस वर्षं त्याच तालुक्यात पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना कोणीतरी म्हणालं की सुलक्कांनी एकाही मुलाला शाळेबाहेर राहू दिलं नाही. टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला.

तानी आता गणेशगुडीला नदीकाठच्या एका लॉजमध्ये स्वयंपाक करते. बोगद्यातून आल्यावर काही दिवसांनी मी बसनं तिच्याकडे गेले. मुलाला सांगितलं, जुन्या विद्यार्थिनीला भेटायला जाते. मागच्या पडवीत ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाहेर नदीत बोटी घेऊन आलेली शहरातली पोरं किंचाळत होती. केस पांढरे झालेत तिचे, पण मला लगेच ओळखलं. मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं, पाटीपासून गाऱ्हाण्यापर्यंत. ती भाकऱ्या थापत राहिली.

"मला काय सांगता सुलक्का," ती म्हणाली. "मी तिथंच व्हते न्हवं?"

"मला माफ कर गं."

"माफ करून कवाच झालंय. तुमी तवा पोरच व्हता." तिनं भाकरी उलटली. "पर माज्या बाला ठावं न्हवतं. मरताना त्यानं मला जवळ घेटलं नि म्हटला, माजी पोर भुकेली व्हती म्हून तिनं चोरून काडलं आसंल, मी तिला नीट जेवाय घालाय पायजे व्हतं. त्यो हेच घिऊन गेला."

तिनं हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"एक करा. कोंडीचं गाऱ्हाणं दर वरसाला असतंय. गाव जमतंय. तिथं उभं ऱ्हावून सांगा, हिनं चोरलं न्हवतं, मी दिलं व्हतं. माज्या म्हाताऱ्या आयच्या कानावर पडू दे. ती हाय अजून. येवढंच."

"सांगते," मी म्हणाले. "नक्की सांगते." तिनं मला गरम भाकरी वाढली, बसपर्यंत सोडायला आली.

त्यानंतर कोंडीवर गाव जमलं. मी गेले होते. सगळ्यांनी मला पुढे बसवलं, शिक्षिका म्हणून पाटावर. समोर बायकांमध्ये तानीची आई होती, वाकलेली, कानाला हात लावून ऐकणारी, आणि तिच्या शेजारी तानी. अज्जांच्या नातवानं गाऱ्हाणं घातलं. व्हय म्हाराजा. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, अक्का, उठू नका, प्रसाद जाग्यावर आणून देतो. मी प्रसाद घेतला. तानीनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि परतताना वाटेतही काही विचारलं नाही. घरी आले आणि ही वही काढली. आठ दिवस बसून मी हे प्रकरण लिहिलं, एकही गोष्ट लपवली नाही, माझा खोटेपणा जसा होता तसा मांडला. मुलगा म्हणतो, आई, छान लिहितेस, छापू. छापेल तो. लोक वाचतील, तानीला मात्र वाचता येत नाही.